21 दिवसांच्या सुईवरचा तो फॉरवर्ड

गावच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरून राह्यला, "पोरांचे सांधे दुखले की तो वात, हळद-मिठाच्या गुळण्या करा, हृदयाचा आजार म्हाताऱ्यांना होतो, दर 21 दिवसांची सुई हा डॉक्टरांचा धंदा आहे, अन् वॉल्व गेलाच तर बदलता येतो." काल काकूनं पण पाठवला म्हणून लिहितो.

आधी वाताचं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं घसा धरला की दोन-तीन आठवड्यांनी काही पोरांना ताप येतो, त्याला रुमॅटिक फिव्हर म्हणतात, आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा धरतो, मग औषध न घेता पण बरं वाटते, अन् इथंच सगळे फसतात, कारण जंतूवर धावून गेलेली आपलीच प्रतिकारशक्ती तोवर हृदयाच्या झडपेलाही झोडपून काढते. सांधा सुधरतो, झडप नाही. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, जंतू मरत नाही.

म्हाताऱ्यांचं तर साफ उलट, हा ताप येतो मुख्यतः 5 ते 15 वयात. माझ्या मामेबहिणीला पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात ओट्याच्या चार पायऱ्या चढवेनात, घरचे म्हणे अशक्तपणा आहे, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर मायट्रल वॉल्व, हृदयाची एक झडप, आकसलेला, लहानपणीच्या त्या तापाचाच घाव. पोटुशीपणात अंगातलं रक्त 40-50 टक्के वाढते, ते त्या चिंचोळ्या दारातून जाईन कसं?

आता धंदा. ती 21 दिवसांची सुई म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, जंतूनं परत घसा धरून झडप आणखी बिघडू नये म्हणून देतात. दुधासारखं घट्ट औषध, सुईतच अडकते कधी कधी, अन् कुल्ल्यात घेतल्यावर बहीण गाडीवर एका अंगावर बसून घरी येते. दुखते, खोटं कशाला बोलू. रिअ‍ॅक्शनही क्वचित येते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं. पण औषध इतकं जुनं अन् स्वस्त की कंपन्यांना त्यात फार सुटत नाही, तुटवडा जगभर पडतो, असा कसा हो धंदा? युगांडात झडपेचा आजार नुकताच सुरू झालेल्या 818 पोरांचा अभ्यास झाला, दोन वर्षांत सुई न घेणाऱ्यांपैकी 8.2 टक्क्यांचा आजार वाढला, दर चार आठवड्यांनी घेणाऱ्यांत 0.8. अन् "सवय लागून औषध चालेनासं होते" म्हणणाऱ्यांसाठी, हा जंतू आजवर पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही.

वॉल्व बदलणं म्हणजे काही मोटरचा वॉल्व नव्हे बाप्पा. धातूचा बसवला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, अन् तपासणीच्या वाऱ्या.

बहिणीची पुढची तारीख तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी येते, तिनं कालनिर्णयवर गोल करून ठेवला. पोराचा लाकडी बैल मी फिरवून आणीन, ती सुई घेऊन येईन.