विवाल्दीच्या जुन्या तबकड्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अठराव्या शतकातला व्हेनिसचा संगीतकार विवाल्दी आणि त्याच्या संगीताची जुनी ध्वनिमुद्रणं यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: संचालक मोलिनारी आणि व्हायोलिनवादक कॉफमन यांची ‘फोर सीझन्स’ची (चार ऋतूंवरच्या चार व्हायोलिन कॉन्चेर्तोंची) ध्वनिमुद्रणं फार तर संग्रहालयात ठेवावीत, बरोक म्हणजे विवाल्दीच्या काळातलं संगीत कसं वाजवायचं याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि नवख्या श्रोत्याला ती सुचवणं ही दिशाभूल आहे. दुसरं, जग विवाल्दीला उगाच विसरलं नाही, त्यानं एकच कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) पाचशे वेळा लिहिला. तिसरं, त्याच्या शेवटच्या दिवसांवर मी गळा काढला आणि संगीतकार हायडनचा प्रसिद्ध किस्सा मात्र गाळला.

पहिल्या आक्षेपातला थोडा भाग मला आधीपासूनच मान्य आहे. बर्नार्दिनो मोलिनारीचं १९४२ चं ध्वनिमुद्रण जड आहे. त्यानं १९२७ मध्ये स्वतःच फुगवून लिहिलेली प्रत वापरली, वाद्यवृंद मोठा घेतला, आणि वसंत ऋतू कधीकधी ओला रग अंगावर घेऊन चालल्यासारखा वाटतो. पण ‘पत्ता नव्हता’ म्हणताना तेव्हा पत्ता कोणाकडे होता, हेही सांगा ना. ‘फोर सीझन्स’ हरवलेलं नव्हतं. ते १७२५ मध्ये अॅमस्टरडॅमला छापलं गेलं होतं, ग्रंथालयांत प्रती होत्या. वाजवणारी परंपरा मात्र तुटली होती. आपल्याकडे बंदिश वहीत असते आणि गाणारं कोणी उरलेलं नसतं, तेव्हा पहिला गाणारा जे करतो तेच मोलिनारीनं केलं: स्वतःच्या काळाच्या सवयीनं ती भरून काढली.

आणि बाकीचा विवाल्दी? तो तर खोक्यांत पडून होता. १९२६ मध्ये इटलीतल्या मोन्फेर्रातो भागातल्या सालेशियन या कॅथलिक धर्मसंघाच्या एका विद्यालयाला जुनी बाडं विकायची होती. किंमत ठरवण्यासाठी त्यांनी तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारलं. ग्रंथपाल लुइजी तोर्री यांनी काम आल्बेर्तो जेन्तिली या संगीताभ्यासकाकडे सोपवलं, आणि त्या ढिगात विवाल्दीच्या हस्तलिखितांचे १४ खंड निघाले. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या गृहस्थानं आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, माउरोच्या, नावानं ते विकत घेऊन दिले. मग जेन्तिलीच्या लक्षात आलं की हा संग्रह अर्धाच आहे. उरलेला अर्धा जेनोआच्या दुरात्सो घराण्यात सापडला. तो १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदारानं घेऊन दिला, त्याच्याही गेलेल्या मुलाच्या, रेन्झोच्या, नावानं. म्हणून आजही तुरीनमधली हस्तलिखितं ‘फोआ’ आणि ‘जोर्दानो’ याच नावांनी ओळखली जातात.

हे सगळं शोधणाऱ्या जेन्तिलीची विद्यापीठातली जागा १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी गेली, कारण तो ज्यू होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३९ मध्ये, इटलीतल्या सिएनाला संगीतकार आल्फ्रेदो कासेल्लाच्या पुढाकारानं विवाल्दी सप्ताह झाला. आज कुठल्याही चर्चमध्ये ऐकू येणारा विवाल्दीचा ‘ग्लोरिया’ हा स्तुतिगान आधुनिक काळात पहिल्यांदा तिथं गायला गेला. युरोपात युद्ध सुरू झालं होतं. या सप्ताहासाठी धडपडणाऱ्यांत कवी एझ्रा पाउंड आणि व्हायोलिनवादक ओल्गा रज होते. त्यातल्या पाउंडचं फॅसिस्टप्रेम सर्वांना ठाऊक आहे. विवाल्दीचं पुनरुज्जीवन हे काही सोज्वळ प्रकरण नाही.

आता लुइस कॉफमन. तुम्ही त्याला ‘सिनेमावाला’ म्हणून उडवून लावलंत. हॉलिवूडच्या स्टुडिओंत त्यानं असंख्य चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवलं, हे खरंच आहे, आणि मला तो त्याचा गुण वाटतो. समोर नवा कागद आला की पहिल्याच वाचनात तो गाता करायचा, ही त्याची रोजची भाकरी होती. १ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेची ध्वनिमुद्रणावर बंदी लागू होणार होती. त्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात, कार्नेगी हॉलमध्ये, हेन्री स्वोबोडाच्या संचालनाखाली त्याचं ‘फोर सीझन्स’चं ध्वनिमुद्रण उरकलं गेलं. त्या घाईतली धग त्याच्या वादनात ऐकू येते. गजाचा दाब भरपूर, सूर सतत कंप पावणारा, आजच्या बरोकवाल्यांना अजिबात न चालणारा. पण वाजवणाऱ्याला आपण काय हाती घेतलंय याचं नवल वाटतंय, हे लपत नाही. नंतरच्या शेकडो गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत मला ते नवल क्वचितच सापडतं.

हे चार कॉन्चेर्तो बारांच्या संचातले आहेत असं कळल्यावर तो उरलेल्या आठांच्या मागे लागला आणि १९५० मध्ये झुरिचला तेही ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी ‘फोर सीझन्स’ला फ्रान्सचा ग्राँ प्री द्यु दिस्क हा ध्वनिमुद्रणांचा पुरस्कार मिळाला. इटलीतल्या रिकोर्दी या प्रकाशनानं विवाल्दीच्या वाद्यसंगीताची सगळी प्रत छापायला घेतली तीही १९४७ मध्येच, म्हणजे कॉफमन वाजवत होता तेव्हा ते काम नुकतं सुरू होत होतं. ई मुझिची या इटालियन वाद्यवृंदाची व्हायोलिनवादक फेलिक्स आयोसोबतची ध्वनिमुद्रणं, ज्यांनी हे संगीत घराघरात नेलं, ती त्याच्या नंतरची.

तुमची आवडती मंडळी, इल जार्दिनो आर्मोनिको हा जुन्या पद्धतीनं बरोक वाजवणारा आजचा वाद्यवृंद, मलाही आवडतात. वसंताच्या संथ भागात विवाल्दीनं व्हिओलाला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) भुंकणाऱ्या कुत्र्याचं काम दिलंय आणि वर लिहून ठेवलंय की हे कायम फार जोरात आणि ओरबाडून वाजवा. जुने वादक तिथं सभ्यपणा करतात, नवे खरंच भुंकतात. या जागी मी बिनशर्त नव्यांच्या बाजूचा. पण नव्यांचा झपाटा, वाद्यांवरचे फटके, टोकाचे चढउतार हा सगळा अठराव्या शतकातल्या व्हेनिसचा पुरावा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात आपल्या काळाची चवही आहे. अजून पन्नास वर्षांनी कोणीतरी त्यांनाही संग्रहालयात ठेवा म्हणेल.

‘एकच कॉन्चेर्तो’ हा टोमणा संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या नावावर खपतो. ज्यांनी दहा-वीस ऐकलेत तेही तो फेकतात. बासूनसारख्या खर्जातल्या फुंकवाद्यासाठी विवाल्दीनं तीसहून अधिक कॉन्चेर्तो लिहिले, त्यातले चार-पाच सलग ऐका आणि मग बोलू. त्याच्याच काळातला जर्मन संगीतकार बाख याला तरी तो एकसुरी वाटला नसावा. त्यानं विवाल्दीचे कॉन्चेर्तो हार्प्सिकॉर्ड आणि ऑर्गनसाठी बसवले. त्यातला डी मायनरचा ऑर्गन कॉन्चेर्तो एकोणिसाव्या शतकात बाखचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्या नावानं छापला गेला आणि १९११ पर्यंत त्याचाच समजला गेला. उलट व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर स्वतःच लिहिलेला एक कॉन्चेर्तो विवाल्दीचा म्हणून वाजवत होता. १९३५ मध्ये त्यानं ते कबूल केलं, तोवर बहुतेक समीक्षकांना संशयही आला नव्हता. म्हणजे त्याचं ते दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याचं ते त्याच्या नावावर. अशा माणसाला जगानं तोलून-मापून नाकारलं, असं कसं म्हणायचं? त्याचं धड ऐकलंच कोणी नव्हतं.

राहिला गळा काढण्याचा मुद्दा. मे १७४० मध्ये व्हेनिस सोडताना त्यानं पिएता या अनाथालयाला २० कॉन्चेर्तो विकले, मिळाले सुमारे ७० डुकाट (तेव्हाचं नाणं). ज्या सम्राट सहाव्या चार्ल्सच्या आधारावर बहुधा तो व्हिएन्नाला गेला, तो त्याच ऑक्टोबरमध्ये वारला. जुलै १७४१ मध्ये विवाल्दी गेला आणि अगदी स्वस्तातला दफनविधी झाला. यात माझा एकही हुंदका नाही, हिशेब आहे. आणि हायडनचा किस्सा: नऊ वर्षांचा हायडन त्या अंत्यविधीत गायकमुलांमध्ये होता, असं चरित्रांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण खर्चाच्या नोंदीत घंटेचे पैसे आहेत, गायनाचे नाहीत. तिथं गाणं झालंच नव्हतं, तर हायडन गाणार कुठून. म्हणून तो किस्सा लेखात नाही, आणि तुमच्या आग्रहाखातर घालणारही नाही.