‘एका खोलीत सोडा, आपापसात मिटवतील’ हे खरं नाही

घरात मांजरं आहेत आणि आता कुत्र्याचं पिल्लू येणार असं कळलं, की एक मेसेज हमखास पुढे येतो. मला तो गेल्या महिन्याभरात तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: पिल्लाला आणि मांजराला एका खोलीत ठेवून दार लावून घ्या. मांजर एक-दोन फटके मारेल, त्यातून पिल्लाला अक्कल येईल. मांजर फिसकारलं तर त्याला दटावा, लपलं तर उचलून बाहेर आणा. पिल्लू शेपटी हलवत असेल तर काळजी नको. आणि आठ दिवसांत जमलं नाही तर कधीच जमणार नाही.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण हा सल्ला पाळला तर दोन्ही जिवांचे हाल होतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ती बंद खोली. मांजर एकट्यानं शिकार करणारं जनावर आहे, आणि आपली जागा हाच त्याचा मोठा आधार. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला ते गाल घासतं, तेव्हा तिथे स्वतःचा वास ठेवत असतं. अशा घरात परक्या वासाचं, सतत उड्या मारणारं पिल्लू येतं आणि पळायची वाटही आपणच बंद करतो. तासाभरानं दार उघडलं की मांजर कोपऱ्यात गप्प बसलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, बघा, शांत झालं. जरा जवळून बघा. अंग जमिनीला चिकटलेलं, कान बाजूला पडलेले, खोलीत भरपूर उजेड असूनही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. ते जीव मुठीत धरून बसलेलं असतं.

ही भीती अंगावरही निघते. ताणामुळे काही मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते: सारखं ट्रेमध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या भांड्यात, जायचं, थेंबभर लघवी, कधी रक्त. बोक्याचा मूत्रमार्ग पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. बोका जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. ‘भूक लागली की येईल खाली’ हेही मांजराच्या बाबतीत चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते गंभीर आजारी पडतं.

मग करायचं काय? दार लावायचंच, पण दोघांच्या मध्ये. मांजराला त्याची एक खोली द्या: ट्रे, पाणी, खाणं आणि चढून बसायला उंच जागा. पहिले काही दिवस भेट फक्त वासाची. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजराच्या खोलीत ठेवा, मांजराच्या अंथरुणाचं फडकं पिल्लाकडे. नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची खाण्याची भांडी, आधी लांब, मग रोज थोडी जवळ. मांजरानं खाणं थांबवून दाराकडे टक लावली, तर भांडं पुन्हा मागे घ्या. ते निवांत जेवायला लागलं की मध्ये जाळी किंवा लहान मुलांसाठी असतं तसं गेट लावा. समोरासमोर भेट त्यानंतर, पिल्लाला पट्टा बांधून, तेही ते खेळून दमल्यावर. पाच मिनिटं पुरतात. मांजराला उचलून भेटीला आणायचं नाही. यायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आता फटक्याची गोष्ट. अडीच महिन्यांचं एक पिल्लू मी बघितलंय. उजवा डोळा घट्ट मिटलेला, त्यातून पाणी गळतंय, पंजानं सारखं चोळायला बघतंय. बुबुळाच्या काचेवर नख ओढलं गेलं होतं. डोळा वाचला, पण कित्येक दिवस दिवसातून चारदा थेंब आणि डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात ती मोठी, नरसाळ्यासारखी कॉलर. घरच्यांनी मांजराला शिक्षा केली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. दोघांना एकत्र कोंडलं होतं माणसांनी.

शिवाय फटक्यातून अक्कल येईलच असं नाही. काही पिल्लं कायमची बिचकतात. बऱ्याच पिल्लांना मात्र एवढंच कळतं, की हे प्राणी फटका मारून पळतात आणि मागे धावायला भारी मजा येते. पाठलाग हेच पिल्लाचं बक्षीस. जितक्या वेळा तो होईल, तितकी सवय पक्की. म्हणून पहिल्या दिवसापासून पट्टा हवा, ओढायला नव्हे, धाव सुरूच होऊ नये म्हणून. पिल्लानं मांजराकडे बघितलं आणि नजर वळवून तुमच्याकडे आणली, की लगेच खाऊ. दिवसात दहा वेळा, वीस वेळा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, त्यामुळे हे दिवस फार मोलाचे. मांजराचा तो काळ अजून लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, येऊन जातो. म्हणून कधी कुत्रा न बघितलेलं मोठं मांजर वेळ घेतं. त्याला हट्टी म्हणू नका.

फिसकारल्यावर दटावणं ही मला या मेसेजमधली सगळ्यात घातक सूचना वाटते. फिसकारणं म्हणजे ‘लांब हो’ एवढा निरोप. मारामारी टाळायलाच मांजर तो देतं. आपण दटावून तो बंद केला तरी भीती जागच्या जागी राहते, फक्त इशारा जातो. पुढच्या वेळी थेट नख. आणि पिल्लू आलं की माझ्यावर ओरडतात, ही गाठही मांजराच्या मनात बसते. फिसकारू द्या, आणि पिल्लाला हाक मारून लांब बोलवा. मांजर तेवढंच मागत होतं. लपण्याचंही तेच: लपू द्या.

शेपटीच्या मुद्द्यात तर दोन भाषांची गल्लत आहे. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा तो उत्तेजित असतो, प्रेमातच असतो असं नाही. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर मांजरावर खिळलेली, एक पाय उचललेला, असं असेल तर शेपटी हलत असली तरी त्याला तिथून बाजूला न्या. मांजर शेपटी आपटतं ते वैतागून, आणि पिल्लाला ते खेळायचं आमंत्रण वाटतं. पिल्लू पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करतं तेव्हा ते खेळायला बोलावत असतं, मांजराला मात्र झेप येताना दिसते.

ट्रेबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ट्रेमध्ये बसलेल्या मांजरावर पिल्लानं एकदा झडप घातली, की ते पलंगावर किंवा कपड्यांत लघवी करायला लागतं. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवा, पिल्लाला पोचता येणार नाही अशा जागी. पिल्लं त्यातली घाण खातात, आणि ट्रेमध्ये घालतात ती ओली झाल्यावर गोळा होणारी वाळू (लिटर) बरीच पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. मांजराचं खाणंही उंचावर ठेवा.

राहता राहिले आठ दिवस. काही घरांत तेवढ्यात जमतं. बहुतेक ठिकाणी काही आठवडे, कुठे कित्येक महिने लागतात, आणि काही जोड्या एकमेकांना टाळत सुखानं राहतात. तेही जमणंच आहे. आमची नऊ वर्षांची मांजर सहा आठवडे कपाटावरून नीट खाली उतरली नव्हती. त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी पिल्लू पट्ट्यासकट माझ्या पायाशी झोपलं होतं. ती उतरली, वळसा घालून मागून आली, त्याच्या शेपटीचा बराच वेळ वास घेतला, त्याच्याच भांड्यातलं पाणी प्यायली आणि परत वर गेली. पिल्लाला जागही आली नाही. त्या दिवशी मी दोघांना एकटं सोडलं नाही. पुढचे दोन महिनेही नाही.