अहवालातली सर्वात महत्त्वाची ओळ तळाशी का असते?

अहवाल लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वाचणाऱ्याचा निर्णय ज्या गोष्टीवर ठरणार आहे, ती पहिल्या काही ओळींत लिहा. प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती, तक्ते आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष, ही उतरंड आपण कॉलेजच्या प्रोजेक्टपासून गिरवत आलोय. तिथे ती खपते, कारण परीक्षकाला शेवटपर्यंत वाचावंच लागतं. कामाच्या ठिकाणी वाचणाऱ्यावर तशी सक्ती नसते. तो दोन बैठकांच्या मधे आपला अहवाल चाळतो आणि तेवढ्यावर हो किंवा नाही म्हणतो.

यात जिवाचा प्रश्नही असू शकतो. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं. साधारण ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी बघता आपला अंदाज सुरक्षित बाजूचाच आहे, असा त्याचा रोख. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाला, चाचणीतला तुकडा ३ घनइंच, इथला १९२० घनइंच. म्हणजे ६४० पट मोठा! एवढ्या मोठ्या तुकड्याची चाचणी कुणी केलेलीच नव्हती. शीर्षकात हेच यायला हवं होतं.

१ फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले, सातही अंतराळवीर गेले. दुर्घटनेची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं ढकलणं अन्यायाचं ठरेल. पण चौकशी मंडळाला आपल्या अहवालात या स्लाइडची वेगळी दखल घ्यावीशी वाटली. मला अस्वस्थ करतं ते हे, की माहिती कुणी लपवली नव्हती. ती लिहिलेली होती, फक्त वाचणाऱ्याच्या नजरेत येईल अशा जागी नव्हती.

आपल्याकडच्या 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' छापाच्या वाक्यांबद्दलही तेच. कोण करणार, कधीपर्यंत? नाव आणि तारीख नसेल तर ते वाक्य काढून टाका, अहवालाचं काही बिघडत नाही.

पिअर रिव्ह्यू, म्हणजे शोधनिबंध (पेपर) छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञाने दिलेला अभिप्राय, लिहिणाऱ्यांकडून तर माझी अपेक्षा आणखी जास्त आहे. 'कार्यपद्धतीचा भाग कमकुवत वाटतो' एवढं लिहून सोडून दिलेला रिव्ह्यू लेखकाच्या काय कामाचा? त्याऐवजी असं लिहा: 'तक्ता २ मध्ये १२० नमुने आहेत, तक्ता ३ मध्ये ११४. सहा का वगळले ते सांगा, आणि ते धरून निष्कर्ष टिकतो का ते तपासा.' याला पाच मिनिटं जास्त लागतात, पण लेखकाला उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळतं. शुद्धलेखनाच्या चुका आणि निष्कर्ष कोसळवणारी चूक एकाच यादीत, एकाच सुरात लिहू नका. कोणती दुरुस्ती झाल्याशिवाय पेपर छापू नये आणि कोणती झाली तर बरं, हे वेगळं करून द्या.

नीट लिहिलेला रिव्ह्यू काय करू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण १९३६चं आहे. आइनस्टाइन आणि त्यांचे सहायक रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणामुळे अवकाश-काळात उठणारे तरंग) नसतातच असं मांडणारा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला. परीक्षकाने दहा पानं भरून चूक कुठे आहे ते दाखवलं. आइनस्टाइन चिडले, छापण्याआधी पेपर तिसऱ्याला दाखवलाच कसा म्हणून त्यांनी तो परत घेतला. पण ते परीक्षक, हॉवर्ड रॉबर्टसन, पुढे प्रिन्स्टनमध्ये आइनस्टाइन यांचे सहकारी इन्फेल्ड यांच्याशी त्याच गणिताबद्दल बोलले. अखेर पेपर दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. समोर आइनस्टाइन आहेत म्हणून रॉबर्टसन यांनी हात आखडता घेतला नाही, आणि 'पटत नाही' एवढ्यावर भागवलंही नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. लेखकासाठीच्या टिपणात 'उत्तम प्रयत्न, किरकोळ सुधारणा कराव्यात' आणि संपादकासाठीच्या गोपनीय चौकटीत 'नाकारावा'. लेखकाने महिनोन्महिने काम केलेलं असतं. पेपर का नाकारला याचं कारण त्याच्यासाठीच्या टिपणातच असलं पाहिजे, आणि तेही पहिल्या परिच्छेदात. गोपनीय चौकट आपले हितसंबंध गुंतले असतील तर ते सांगण्यासाठी किंवा वाङ्मयचौर्याचा संशय कळवण्यासाठी ठेवा.