मानके दिल्लीत बंद दाराआड ठरतात? त्या फॉरवर्डला उत्तर

लघुउद्योजकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: आयएसआयची मानके दिल्लीतले अधिकारी बंद दाराआड लिहितात, ती सगळ्यांवर सक्तीची असतात आणि छोट्या कारखानदाराला छापा पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

‘सगळी सक्तीची.’ नाही. आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचे मानक मुळात ऐच्छिक असते. सक्ती येते ती केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने, ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यातील कलम १६ खाली. दुचाकीच्या हेल्मेटचे आयएस ४१५१ हे मानक जुनेच. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आदेशाने ते १ जून २०२१ पासून सक्तीचे झाले. म्हणून सक्ती लागू होण्याला मुदतवाढ मागायची ती आदेश काढणाऱ्या मंत्रालयाकडे. ब्युरोच्या दारात त्यासाठी खेटे घालून उपयोग नाही. अनेक आदेशांत लघु उद्योगांना ३ आणि सूक्ष्म उद्योगांना ६ महिने जादा दिलेले असतात. आधी ते तपासा.

‘अधिकारी लिहितात.’ ब्युरोचा अधिकारी समितीचा सदस्य-सचिव असतो. मजकूर ठरतो सेक्शनल कमिटीत, म्हणजे त्या त्या विषयाच्या समितीत. तिथे उत्पादक, प्रयोगशाळा, ग्राहक संघटना, सरकारी खाती आणि तंत्रशिक्षण संस्थांचे लोक बसतात आणि सहमतीने ठरवतात.

‘बंद दाराआड.’ मसुदा वाइड सर्क्युलेशनला, म्हणजे सर्वांच्या हरकतींसाठी, जातो तेव्हा ब्युरोच्या संकेतस्थळावर असतो; हरकतीची अखेरची तारीख त्यावरच छापलेली असते. हरकत कोणीही घेऊ शकतो. घोडे पेंड खाते ते हरकत लिहिताना. ‘लहान उद्योगाला हे परवडणार नाही’ एवढ्या एका ओळीवर समिती काय करणार? हरकतीच्या तक्त्यात मसुद्यातील कलमाचा क्रमांक, आक्षेप तांत्रिक की संपादकीय, कारण आणि त्या जागी हवा असलेला नेमका मजकूर द्यायचा असतो. पत्र्याची किमान जाडी खटकत असेल, तर हवा तो आकडा लिहा आणि त्या जाडीच्या नमुन्यांचे चाचणी अहवाल जोडा. पर्यायी मजकूर नसलेली हरकत बहुधा ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला पडते.

एक तक्रार मात्र खरी आहे. मोठ्या कंपन्या बैठकीला पगारी इंजिनिअर पाठवतात. छोट्यांची भिस्त संघटनेच्या प्रतिनिधीवर. तो कोण आहे, बैठकांना जातो का, हे आपल्या संघटनेला विचारा. मसुद्याची तारीख हुकली असली तरी छापील मानकात दुरुस्तीचा प्रस्ताव केव्हाही देता येतो. ५ वर्षांनी येणाऱ्या पुनरावलोकनाची वाट पाहायची गरज नाही.