संस्थापकाचा रूममेट

अमेरिकेत रूममेट शोधताना आपण सगळं विचारून घेतो. सिगारेट ओढतोस का, भांडी वेळेवर घासतोस का, रात्री झोपतोस किती वाजता. येत्या वर्षात एखादी संस्था स्थापन करायचा विचार आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

माझा रूममेट टेक्ससचा, आईवडील मूळचे एल साल्वादोरचे. मुलगा सालस. भाडं एक तारखेला, आवाज कमी, माझ्या हिंगाच्या डबीबद्दल कधी चकार शब्द नाही. पण आमच्या या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या विद्यापीठात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांची एकही फ्रॅटर्निटी (ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलांची संघटना) नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि आमच्या हॉलवरचा माझा हक्क संपला.

हॉलिवूडच्या कृपेने आपल्याला वाटतं, फ्रॅटर्निटी म्हणजे बिअरची पिंपं आणि गच्चीवरून स्विमिंग पूलमध्ये उड्या. मला दिसल्या त्या फक्त बैठका. बहुतेक लॅटिनो फ्रॅटर्निट्यांना स्वतःचा बंगला वगैरे नसतो, त्यामुळे त्या बैठका आमच्या सोफ्यावर. आधी म्हणे 'इंटरेस्ट ग्रुप', मग 'कॉलनी', मग कुठे 'चॅप्टर', म्हणजे पूर्ण शाखा. दक्षिण अमेरिका स्पेनपासून सोडवणाऱ्या बोलिव्हार आणि सान मार्तीन यांनी कॉलनीपणातून सुटायला तलवारी उपसल्या. ही पोरं कॉलनीचा दर्जा मिळावा म्हणून तीन प्रतींत अर्ज भरत होती. घटना, सभासदांची यादी, प्रत्येकाचा जीपीए, सल्लागार प्राध्यापकाची सही, विम्याचा कागद, शिवाय नव्या मुलांना छळणार नाही अशी लेखी हमी. घटनेतला 'खजिनदाराची कर्तव्ये' हा भाग रात्री दीडपर्यंत चालला. खजिन्यात तेव्हा पिझ्झाचं एक कूपन होतं.

मुळात चॅप्टर कुणाचा आणायचा, यावरच पहिली फूट पडली. 'सर्वात जुनी आमचीच' असं म्हणणाऱ्या तिथे एकाहून जास्त. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये 1898 साली लॅटिन अमेरिकेतून शिकायला आलेल्या मुलांनी 'युनिओन हिस्पानो अमेरिकाना' काढली. त्या परंपरेतून 1931 च्या डिसेंबरात फाय आयोटा अल्फा उभी राहिली, सत्तरच्या दशकात थंडावली आणि 1984 मध्ये पुन्हा जागी झाली. ती थंडावलेली असताना, 1975 मध्ये न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात लॅम्ब्डा थीटा फाय निघाली. ते म्हणतात, पहिले आम्ही. कॉर्नेलची 1982 ची, आयोवाची 1986 ची, त्यांचे पाठीराखे वेगळे. सार्वजनिक गणपती पहिला कुणी बसवला, 1892 मध्ये भाऊसाहेब रंगारींनी की 1893 मध्ये टिळकांनी, यावर पुण्यात शब्दाला शब्द वाढताना मी लहानपणापासून ऐकलेला असल्यामुळे मला त्या हॉलमध्ये एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी चहा टाकला.

दुसरी फूट घेवड्यावरून. निधीसाठी जेवण विकायचं ठरलं. मेक्सिकन म्हणाला पिंटो, क्यूबन म्हणाला काळा, पोर्तो रिकोवाला लालवर अडून बसला. ब्राझीलच्या मुलाने तोंड उघडलं, तर तू स्पॅनिश बोलत नाहीस म्हणून त्याला गप्प केलं. वास्तविक सगळं भांडण इंग्रजीत चाललं होतं, कारण निम्म्यांचं स्पॅनिश आजीशी फोनवर बोलण्यापुरतंच. तटस्थ म्हणून मला चव घ्यायला बसवलं. तिन्ही वाट्या संपवल्या आणि मत राखून ठेवलं. राजमा मुळात त्यांच्याच खंडातून जगभर गेलेला, आपण मध्ये कशाला बोला.

मग सुरू झाली गुप्तता. नवीन मुलांनी संस्थेचा इतिहास पाठ करायचा: संस्थापकांची नावं क्रमाने, तारखा, आदर्श पुरुष, ग्रीक मुळाक्षरं एका दमात. ग्रीक अक्षरांशी माझे संबंध बारावीच्या फिजिक्सपासून बिघडलेले. तिथे लॅम्ब्डा दिसला की मार्क जायचे, इथे झोप गेली. बाहेरच्या माणसाने ऐकायचं नाही, म्हणून मला खोलीत जायची विनंती व्हायची. आमच्या घराची भिंत म्हणजे दोन बाजूंनी रंग दिलेला पुठ्ठा. महिन्याभरात मला सगळं तोंडपाठ. एका रात्री आमचे संस्थापक, म्हणजे माझा रूममेट, चौथ्या नावावर अडकले. एकदा अडकले, दोनदा अडकले. सकाळी आठला माझा लॅब होता. शेवटी मी पांघरुणातूनच ओरडून नाव सांगितलं.

बाहेर एकदम शांतता. मग दारावर टकटक. मला वाटलं, आता घर बदलावं लागणार. पण त्यांनी सभासदत्वच देऊ केलं! लॅटिनो असलंच पाहिजे अशी अट नसते, असं समजावून सांगितलं. मी म्हटलं, मला थीसिस आहे. (देसी मुलांच्याही फ्रॅटर्निट्या आहेत, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात 1996 मध्ये सुरू झालेली सिग्मा बीटा ऱ्हो ही त्यातलीच, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. कुणी तिचाही चॅप्टर काढायला सुचवलं असतं तर?)

अखेर चॅप्टर मंजूर झाला आणि मुलांना जगासमोर आणण्याचा सोहळा विद्यापीठाच्या हिरवळीवर झाला. हिरवळ आपली म्हणायची. होता तो बर्फ. उंचीच्या क्रमाने एकामागे एक, चिकटून उभी, तोंडावर मुखवटे, आणि थंडीत वाफा सोडत इतिहास गर्जत होती. मग पाय आपटत नाच. माझ्या शेजारी ह्यूस्टनहून आलेली रूममेटची आजी. चौथं नाव आलं तेव्हा माझे ओठ आपोआप हलले. तिने ते पाहिलं, आणि मी नातवाचा सभासद-भाऊच आहे असं समजून पुपुसांचा (एल साल्वादोरच्या मक्याच्या सारण भरलेल्या भाकऱ्यांचा) गरम डबा माझ्या हातात दिला. मी गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. आतल्या चीजने जीभ मात्र पोळली.

रविवारी हॉल रिकामा होता. सोफ्यावर आडवा होऊन पाय टेबलावर टाकतो न टाकतो, तोच बेल वाजली. दारात चार मुली, हातात फायली. कीन कॉलेजात 1975 मध्ये लॅटिना मुलींची सोरॉरिटीही, म्हणजे मुलींची फ्रॅटर्निटी, निघाली होती, आमच्याकडे अजून ती नाही, आणि तुमच्या रूममेटने हॉल द्यायचं कबूल केलंय, असं त्यांचं म्हणणं. एकीने आत डोकावून विचारलं, "सगळा इतिहास पाठ असलेला तो तूच ना?"