बोनेट दबतं म्हणून गाडी कच्ची नसते

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. एका बाजूला जुन्या अँबेसेडरचा फोटो, दुसऱ्या बाजूला पुढून पार चेपलेली नवी हॅचबॅक. खाली मजकूर असा, की पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या होत्या, आताचे नुसते पत्र्याचे डबे. बोनेट अंगठ्याने दाबून बघा. घ्यायची तर जड गाडी घ्या, नाहीतर पुढे लोखंडी गार्ड बसवा. परवा माझ्या मेहुण्याने हे वाचून खरंच गार्ड बसवून घेतला. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर मी गाडी शिकलो. स्टेअरिंगच्या दांड्याला लागून असलेला तिचा गिअर आजही हाताला आठवतो. पण त्या गाडीत आज मी माझ्या मुलीला हायवेवर नेणार नाही.

पहिला दावा: धडक झाली तरी जुन्या गाडीला काही व्हायचं नाही. गाडीला व्हायचं नाही हे पुष्कळदा खरं होतं, आणि घात तिथेच होता. धडकेचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. पत्र्याने तो घेतला नाही तर आतल्या माणसाला घ्यावा लागतो. हिशेब करून बघा. ताशी 56 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंधरा मीटर. गाडी पुढून 60 सेंटिमीटर चेपत थांबली, तर बेल्ट लावून बसलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तीच गाडी न चेपता 10 सेंटिमीटरमध्ये थांबली तर हा आकडा एकशेवीसच्या वर जातो. वीसपट जोर शरीर क्षणभर सोसतं. एकशेवीसपट सोसत नाही.

हे मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. गाडीचं नाक आणि शेपूट चेपू द्यायचं, मधली केबिन मात्र जराही हलू द्यायची नाही, ही कल्पना त्याची. म्हणजे नवी गाडी चेपते ती कंजूषपणामुळे नव्हे, तसं ठरवलेलं असतं म्हणून.

डोळ्यांनी बघायचं असेल तर अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2009 साली केलेली चाचणी बघा. 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या, दोन्ही ताशी 64 किलोमीटरच्या वेगाने. बेल एअर म्हणजे बोटीएवढी लांबलचक, लोखंडी गाडी. तिची केबिन कोसळली आणि स्टेअरिंग चालकाच्या अंगावर आलं. मालिबूचं नाक गेलं, पण केबिन शाबूत राहिली.

दुसरा दावा अंगठ्याचा. बोनेटचा पत्रा दबतो, कबूल. पण बोनेट गाडीचा भार पेलतच नाही. उलट रस्त्यावरच्या माणसाचं डोकं त्यावर आपटलं तर ते दबावं, म्हणून त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये जागा सोडतात. गाडीची ताकद असते खांबांत, दारांखालच्या पट्ट्यांत आणि पुढच्या दोन चॅसिस दांड्यांत. गरम करून साच्यात दाबलेलं जे पोलाद मधल्या खांबांत वापरतात, ते साध्या पत्र्याच्या चार-पाचपट ताण सोसतं. ते रंगाच्या आणि प्लास्टिकच्या आड असतं, अंगठा तिथे पोचत नाही. मी एका डेंटरकडे पुढून बॅटरीपर्यंत चेपलेली गाडी पाहिली आहे. तिची चारही दारं एका हाताने सहज उघडत होती. डेंटर म्हणाला, "दारं उघडली ना, म्हणजे आतले लोक चालत बाहेर आले असणार." तो खराखुरा जाणकार. दार लावताना येणारा 'धप्प' आवाजही काही सिद्ध करत नाही. तो रबर आणि कुलपाची करामत असतो.

मेसेजमध्ये एक खरा कण आहे, तोही मांडतो. आपल्याकडच्या काही नव्या गाड्या खरंच कच्च्या होत्या. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेने, ऑल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे. मात्र पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मग चार तारे मिळाले. म्हणजे प्रश्न पत्र्याच्या जाडीचा नव्हताच. आता 1 ऑक्टोबर 2023 पासून अशाच चाचण्यांचा आपला भारत एनकॅप आहे. गाडी घेताना अंगठा बाजूला ठेवा आणि त्याचा निकाल बघा.

वजनाचं म्हणाल, तर ज्या पद्मिनीला लोक 'दणकट लोखंड' म्हणतात ती जेमतेम नऊशे किलोच्या आसपास होती. आजच्या बऱ्याच लहान गाड्या तेवढ्या किंवा जास्तच भरतात.

राहिला गार्ड, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. तो चॅसिसच्या त्याच दोन दांड्यांच्या टोकाला बोल्टने आवळतात, जे टप्प्याटप्प्याने चेपायला हवेत. मग धडक सरळ सांगाड्यात जाते. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर धडकेच्या रीतीवरून ठरवतात, आणि गार्ड ती रीतच बदलून टाकतो. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तर मऊ बंपरऐवजी लोखंडी पाइप भेटतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा. मॉडिफिकेशनची हौस मलाही आहे. ती चांगले टायर आणि ब्रेक पॅड यांवर भागवा.

मेहुण्याला मी हे सगळं चहा पिता पिता समजावलं. रविवारी आम्ही दोघांनी मिळून गार्ड काढला. एक बोल्ट गंजून बसला होता, तेल सोडून अर्धा तास थांबावं लागलं. शेवटी निघाला.