'गल्लीतला रेडिओवाला' म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

बास गिटारच्या बंद पडलेल्या ॲम्पवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत, आभारी आहे. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: सिरीज बल्बऐवजी (म्हणजे ॲम्पला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेल्या बल्बऐवजी) व्हेरिॲक, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, वापरावा, हल्लीच्या एसएमपीएसवाल्या (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका स्विचिंग पुरवठा असलेल्या) क्लास-डी ॲम्पला बल्बची युक्ती चालत नाही, आणि त्यात 325 व्होल्ट साठून राहतात ते मी सांगितलं नाही, कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) रिकामे करायच्या रेझिस्टरची व्हॅल्यू दिलेली नाही. शेवटचं मान्य. 1 किलोओहम, 5 वॅट, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, मिनिटभर लावून ठेवायचा आणि मग मीटरने खात्री करायची. लेखात आता टाकलं आहे. चांगल्या सूचनेला मी कधी नाही म्हणत नाही.

पण तुमचं ते वाक्य? 'बल्ब लावून ॲम्प तपासणं हे गल्लीतल्या रेडिओवाल्याचं काम, इंजिनिअरचं नव्हे.' चूक दाखवायची तर खुशाल दाखवा, रेडिओवाल्याने तुमचं काय घोडं मारलंय?

मी ज्यांच्याकडे हे शिकलो ते रेडिओवालेच होते. सांगलीत एका बोळात त्यांचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरायचं. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. कार्यक्रमाची सुपारी रात्रीची आणि ॲम्प हमखास दुपारी बसायचा. काका आधी एकही स्क्रू काढत नसत. सिरीज बोर्डात पिन घालायची, बटण दाबायचं आणि बल्बकडे बघायचं. भपकन पेटून लगेच मंदावला, तर कपॅसिटर भरले, पुढे शॉर्ट नाही. तसाच लख्ख राहिला, तर 'आउटपुट उडालंय', म्हणजे स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर गेले, म्हणत पिन काढायची, खोकं उघडायचं, कपॅसिटर रिकामे करायचे आणि मगच हीटसिंकला (ट्रान्झिस्टर ज्यावर बसवतात त्या धातूच्या पट्टीला) हात लावायचा. मीटर डायोड मोडवर टाकून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटर या पायांना टोचायचं. जो दोन्हीकडून पीं करेल तो गेला. तेवढ्यावर थांबत नसत. त्याच्या शेजारचा 0.33 ओहमचा पांढरा रेझिस्टर आणि मागचा ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) तपासायचे, कारण आउटपुट ट्रान्झिस्टर सहसा एकटा मरत नाही. नवी जोडी बसवली तरी स्पीकर जोडू देत नसत. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं. काही मिलिव्होल्ट असेल तर ठीक. तिथे 40 व्होल्ट आले तर 15 इंची स्पीकरचा कोन एकदाच बाहेर ढकलला जातो आणि कॉइल जळते. हे सगळं ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडे पदवी नव्हती. तुमच्याकडे असेलही, प्रतिक्रियेखाली नाव मात्र नाही.

बरं, तुम्हाला आकडेच हवेत ना? घ्या. 230 व्होल्टवर 100 वॅटचा बल्ब पूर्ण पेटला की साधारण 0.43 अँपिअर घेतो. पुढे ॲम्पमध्ये सरळ शॉर्ट असला तरी त्याहून जास्त करंट तो टिकू देत नाही. ॲम्पचा फ्यूज असतो तीन-चार अँपिअरचा, आणि नवाकोरा ट्रान्झिस्टर बऱ्याचदा फ्यूजच्या आधी उडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पदरच्या पैशांनी 5200-1943 या आउटपुट ट्रान्झिस्टरांची जोडी आणलेल्या कुणालाही विचारा. (ती अस्सल निघाली तर नशीब, तो वेगळा विषय.) व्हेरिॲक व्होल्टेज कमी करतो, करंट अडवत नाही. नजर मीटरवरून हलली आणि नॉब जरा जास्त फिरला, की खेळ खल्लास. शिवाय बल्ब लावून बास वाजवायची नसते, फक्त तपासायचं असतं, हे मी ठळक अक्षरात लिहिलं होतं. एलईडी बल्ब चालत नाही, जुना तारेचाच हवा, हेही लिहिलं होतं. वाचून मग लिहिलं असतंत तर माझी अर्धी संध्याकाळ वाचली असती.

क्लास-डीचं म्हणाल तर माझा लेख ट्रान्सफॉर्मरवाल्या जड ॲम्पबद्दल होता, फोटोत तो वीटेएवढा ट्रान्सफॉर्मर दिसतोच आहे. त्या 325 व्होल्टचं इथे काय काम?

तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. मतभेद असू शकतात, इथे सगळ्यांचं स्वागतच आहे. पण ज्यांच्या हाताखाली मी सोल्डर ओढायला शिकलो त्यांच्याविषयी माझ्याच ब्लॉगवर कुणी असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही. पुढच्या वेळी नाव लिहा, म्हणजे मीही नावानिशी उत्तर देईन. तोवर तुमचा क्लास-डी बिघडला तर सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे पूर्ण बोर्ड बदलून देतात, बल्बबिल्ब काही लावत नाहीत.